वाड्यावरची सही आणि माईंचा स्वभाव

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झाले असून सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी राहते. माझी नणंद शेजारच्याच घरात असते आणि रात्रीची जेवणे आटोपली की आमच्याकडे बसून दोघींनी मिळून एक कौटुंबिक मालिका पाहायची, असा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. गेल्या महिन्यात त्या मालिकेत असे दाखवले की, इस्पितळात असलेल्या माईंकडून त्यांची धाकटी जाऊ इतर कागदांत सरकवलेल्या एका कोऱ्या कागदावर सही घेते आणि दुसऱ्याच दिवशी वाडा व शेतजमीन तिच्या नावावर होते. मी तिथल्या तिथे म्हणाले की, असे होऊच शकत नाही; दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांक शुल्क भरावे लागते, देणाऱ्या माणसाला स्वतः समोर उभे राहावे लागते. शिवाय ह्याच माई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि वर्षभरापूर्वी वाण्याच्या बिलातील लबाडी त्यांनीच ओळ न् ओळ वाचून पकडली होती. त्या न वाचता सही करतीलच कशा? माझ्या नणंदेच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी होते. "वहिनी, ही मालिका आहे, सातबारा नव्हे," एवढे म्हणून ती उठून गेली. तेव्हापासून ती तिच्या घरी एकटीच मालिका पाहते. मुले म्हणतात की, पटत नसेल तर पाहू नकोस. माझे चुकले का? मालिकेत तर्क शोधायचा नसतो असे मानून मी गप्प बसायला शिकावे का?

उत्तर

ताई, गप्प बसायला शिका असे मी तुम्हाला सांगणार नाही. गेल्या वर्षीचे वाण्याचे बिल ज्या प्रेक्षकाच्या लक्षात आहे, त्याने ती मालिका मनापासून पाहिलेली असते, आणि अशा माणसाला "पाहू नकोस" म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु तुमच्या पत्रात दोन आक्षेप एका दमात आले आहेत, त्यांची जात वेगळी आहे आणि त्यांचे वजनही सारखे नाही. पहिला आक्षेप असा की, जगात असे घडत नाही. दुसरा असा की, ह्या माई असे करणार नाहीत. तुमच्या नणंदबाईंनी पहिल्याला उत्तर दिले आणि त्या उठून गेल्या. दुसऱ्याची चर्चा झालीच नाही. माझ्या मते खरा मुद्दा दुसराच होता.

आधी पहिल्याविषयी. कायद्याच्या बाजूने तुमचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र नोंदणीकृत असावे लागते, त्यावर दोन साक्षीदार लागतात, नोंदणीच्या वेळी लिहून देणाऱ्याचे छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, आणि जमिनीच्या फेरफाराची नोंद होण्यापूर्वी संबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. कोऱ्या कागदावरच्या सहीने एका रात्रीत वाडा जात नाही. घटस्फोटाचेही तसेच आहे. मालिकांत दिवाणखान्यातील टेबलावर कागद सरकवला जातो, नायिका थरथरत्या हाताने सही करते आणि विवाह संपतो. प्रत्यक्षात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे परस्परसंमतीचा अर्जसुद्धा न्यायालयात करावा लागतो आणि तेथे सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. तो माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले, पण त्यासाठीही न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

तरीही अशा त्रुटी प्रेक्षक एरवी खपवून घेतात, आणि तो त्यांचा अडाणीपणा नव्हे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद केलेला आहे. जे लोकांत जसे घडते तसे रंगमंचावर दाखवणे ही एक रीत, आणि जे केवळ नाट्याच्या संकेताने मान्य होते ती दुसरी. रंगमंचावरील एक पात्र शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला ऐकू न जाता बोलते आणि शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला मात्र ते स्पष्ट ऐकू येते, हे नाट्यधर्मी आहे. आपल्या संगीत नाटकांत तर 'वन्स मोअर' मिळाला की नायिका तेच दुःखाचे पद पुन्हा गात असे, आणि विरहात माणूस एकच ओळ पुन्हा पहिल्यापासून कशी गाईल असे कोणी विचारत नसे. बालगंधर्व हे पुरुष आहेत हे नाट्यगृहातील प्रत्येकाला ठाऊक होते, तरीही त्यांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची तऱ्हा घरोघरच्या स्त्रियांनी उचलली. प्रेक्षक कशाला हो म्हणायचे ते आधीच ठरवून बसलेला असतो. आजच्या मालिकांत नायिका भरजरी साडीत आणि सगळ्या दागिन्यांनिशी झोपते, दाराआड उभे राहिलेल्याला अख्खे कारस्थान शब्दशः ऐकू येते, एखादी अभिनेत्री मालिका सोडून गेली की दुसऱ्या दिवसापासून त्याच नावाने दुसरा चेहरा वावरतो आणि घरातील कोणालाच ते जाणवत नाही. हे सगळे त्याच जातीचे संकेत आहेत. कोऱ्या कागदावरची सही हाही आता असाच एक संकेत झाला आहे. त्याचा अर्थ प्रेक्षकाला एवढाच कळतो की, विश्वासाने मिळालेल्या सहीचा घात झाला. तुमच्या नणंदबाईंनी तो अर्थ घेतला आणि त्यांना रडू आले. "सातबारा नव्हे" ह्या त्यांच्या वाक्यात एवढे तथ्य नक्कीच आहे.

ह्याचा अर्थ लेखकाने कायदा विचारूच नये असा मात्र नाही. तुमच्यासारख्या कोणाशी ते अर्धा तास बोलले असते, तर त्यांना अधिक थरारक प्रसंग सापडला असता. माईंच्या जागी तोतया बाई उभी करणे, साक्षीदार फितवणे, ओळख पटवणाऱ्याला हाताशी धरणे, फेरफाराची नोटीस मधल्यामध्ये दडपणे आणि हरकतीचे दिवस एकेक करून संपत जाणे, ह्यात अनेक भागांचे नाट्य आहे. खरी कार्यपद्धती कथेच्या आड येते हा लेखकांचा समज मला मुळीच पटत नाही. पुष्कळदा तीच कथेला हात देते.

मराठी मालिकांवर ह्यापूर्वी झालेले दोन वाद तुम्हाला आठवत असतील. 'होणार सून मी ह्या घरची' ह्या मालिकेत जान्हवीचे बाळंतपण इतके लांबले की, महाराष्ट्रभर लोक बोटांवर महिने मोजू लागले. ह्याचे कारण दैनंदिन मालिकेच्या बांधणीतच आहे. तेथे दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात. कथेतील एक संध्याकाळ, एखादा साखरपुडा किंवा एखादे भांडण, आठवडाभर पुरते. परंतु गुढीपाडवा, गणपती आणि दिवाळी मात्र आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेप्रमाणेच मालिकेतही साजरी होते. एरवी ही दोन घड्याळे एकमेकांशी जुळत नाहीत हे आपल्या ध्यानात येत नाही, कारण साखरपुड्याला किती वेळ लागावा ह्याचा काही नियम नसतो. गर्भारपणाचे महिने मात्र घरातील लहान मुलालाही ठाऊक असतात. त्यामुळे ती तक्रार क्षुल्लक नव्हती; मालिकेचा वेळ घसरत असल्याचे तिथे पहिल्यांदा सर्वांना एकदम दिसले.

दुसरा वाद 'माझ्या नवऱ्याची बायको'मधील राधिकेच्या ३०० कोटींच्या कंपनीचा. घरी मसाले करणारी नागपूरची गृहिणी पाहता पाहता एवढ्या मोठ्या उद्योगाची मालकीण झाली आणि लोकांनी त्यावर पुष्कळ चर्चा केली. हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण तेथे घटना अशक्य नव्हती. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्या लिज्जत पापडाची उलाढाल पुढे शेकडो कोटींच्या पलीकडे गेली, हे आपल्याच शहरातील सत्य आहे. मग राधिकेची कंपनी प्रेक्षकांना का पटली नाही? कारण लिज्जतच्या मागे अनेक दशकांचे श्रम आहेत आणि राधिकेच्या कंपनीमागचे श्रम पडद्यावर पुरेसे दिसलेच नाहीत. मसाल्याचे भाव, कामगारांचे पगार, थकलेली उधारी, परत आलेला माल, पहिले कर्ज आणि त्याचा हप्ता, ह्या पायऱ्या आपल्याला चढू दिल्या असत्या तर आपण तिच्याबरोबर वर पोचलो असतो. शक्य असूनही न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य असूनही पटणारी घटना नाटककाराने निवडावी, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. पटणे हे घटनेवर कमी आणि तिच्याकडे नेणाऱ्या वाटेवर अधिक अवलंबून असते.

आता तुमच्या दुसऱ्या, म्हणजे माईंच्या स्वभावाविषयीच्या आक्षेपाकडे येतो. त्यासाठी मला दोन मृत पात्रे परत आणावी लागतील.

'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका जुलै २००० मध्ये सुरू झाली आणि २००१ साली तिच्यातील मिहिर अपघातात मेला असे दाखवले गेले. प्रेक्षकांनी इतका शोक केला की, त्याला परत आणावे लागले. तो जिवंत होता, पण त्याची स्मृती गेली होती. तर्काच्या कसोटीवर हे फारसे टिकत नाही. पण त्याच्या पत्नीने, तुलसीने, जे दुःख भोगले ते कथेने पुसले नाही. ते तिला आणि आपल्यालाही खरेच भोगावे लागले होते, आणि स्मृती गेलेल्या काळात मिहिरच्या आयुष्यात आलेली मंदिरा आणि पुढे तिचा मुलगा करण ह्यांच्या रूपाने त्या घटनेचे परिणाम मालिका वर्षानुवर्षे फेडत राहिली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील 'डॅलस' ह्या मालिकेचे. १९८५ साली तिच्यातील बॉबी युइंग मोटारीखाली सापडून मेला, कारण ती भूमिका करणारे पॅट्रिक डफी मालिका सोडत होते. पुढील हंगामात लोकप्रियता घसरली, डफी परत यायला तयार झाले, आणि मे १९८६ मध्ये असे दाखवले की, बॉबीची पत्नी पॅम सकाळी उठते तेव्हा बॉबी न्हाणीघरात अंघोळ करत असतो. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत खुलासा झाला की, मधला संपूर्ण हंगाम पॅमला पडलेले स्वप्न होते. आता विचार करा, ताई. मेलेला माणूस परत येण्यापेक्षा स्वप्न पडणे कितीतरी अधिक शक्य आहे. जगाच्या नियमांत कुठेही खोट येत नाही. तरीही प्रेक्षक दुखावले गेले, कारण वर्षभर त्यांनी ज्यासाठी जीव टांगणीला लावला होता ती लग्ने, ती भांडणे, ते शोक, हे सारे एका सकाळी रद्द झाले. ह्याच मालिकेतून निघालेल्या 'नॉट्स लँडिंग' ह्या दुसऱ्या मालिकेत बॉबीच्या भावाच्या घरी त्याच्या मृत्यूचा शोक झालेला होता, आणि तेथील लेखकांनी तो शोक मागे घेतला नाही. एका मालिकेत बॉबी जिवंत आणि दुसरीत मेलेला, असे दोन्ही संसार पुढे चालू राहिले. त्या दुसऱ्या मालिकेच्या लेखकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

माईंच्या बाबतीत जे घडले ते मिहिरपेक्षा डॅलसच्या जवळचे आहे. वाण्याच्या बिलाचा प्रसंग दाखवून लेखकाने तुम्हाला सांगितले होते की, ही बाई कागद वाचल्याशिवाय हातातून सोडत नाही. तुम्ही ते मानले, लक्षात ठेवले आणि पुढचे वर्षभर माईंना त्याच नजरेने पाहिलेत. आता कथानकाला सही हवी म्हणून त्या न वाचता सही करतात, तेव्हा आधीचा प्रसंग रद्द होतो आणि तो मनापासून पाहिलेल्या प्रेक्षकाचे पाहणेही व्यर्थ जाते. जगाशी जुळवून घेण्यात कथेला मोकळीक असते. आपणच सांगितलेल्या गोष्टीशी मात्र तिला प्रामाणिक राहावे लागते. ही मागणी तुम्ही करू शकता आणि केलीच पाहिजे.

ही चूक टाळता येण्याजोगी होती म्हणून ती अधिक खटकते. ग्लानीतल्या माईंनी चष्मा मागितला आणि तो मुद्दाम बाजूला ठेवला गेला; किंवा त्यांनी कागद वाचायला घेतला, पण जावेने 'तुमचा माझ्यावर एवढाही विश्वास नाही का' असे विचारले आणि माईंनी भिडेखातर कागद खाली ठेवला, एवढे एखाद-दुसऱ्या मिनिटाचे दृश्य पुरले असते. तेव्हा मुख्याध्यापिकेचा काटेकोरपणा तसाच राहिला असता आणि तो मोडायला काय लागले तेही दिसले असते. माझ्या दृष्टीने तर तो प्रसंग अधिक हृदयद्रावक झाला असता.

मग लेखक असे का करत नाहीत? त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. दैनंदिन मालिका आठवड्याचे सहा दिवस, कधी सातही दिवस, चालते. जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांचा मजकूर रोज लागतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे, अशी कामाची विभागणी असते, आणि चार वर्षांत ह्यांतील माणसे बदलतात. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, ते घसरले की चालू ट्रॅक अर्ध्यावर गुंडाळून नवा सुरू होतो. कलाकाराच्या तारखा मिळत नाहीत म्हणून कथेतील माणूस अचानक परगावी जातो. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रातील चित्रीकरणे थांबली तेव्हा अनेक मालिकांचे संच गोव्याला आणि इतरत्र हलले, आणि पडद्यावरची अख्खी कुटुंबे एकाएकी घराबाहेर पडली. तेव्हा ते का, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी फारशी तक्रारही केली नाही. वाण्याचे बिल लिहिणारा संवादलेखक आणि सहीचा प्रसंग लिहिणारा संवादलेखक एकच असेल असे नाही. परंतु हे कारण झाले, समर्थन नव्हे. साडीचा पदर मागच्या दृश्यात कोणत्या खांद्यावर होता ह्याची नोंद ठेवायला चित्रीकरणस्थळी माणूस असतो. माई कागद वाचतात ह्याचीही नोंद कोणीतरी ठेवायला हवी.

आता नणंदबाईंविषयी. तुमचा आक्षेप योग्य होता, पण त्याची वेळ योग्य नव्हती, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी असताना मुद्रांक शुल्काची गोष्ट काढली की, त्याला ती मालिकेवरची टीका वाटत नाही; 'तू कशासाठी रडतेस' असा तो प्रश्न वाटतो. त्या रात्री त्यांना माईंच्या फसवणुकीचे दुःख झाले होते आणि तुम्हाला माईंच्या स्वभावाचा घात झाल्याचे. दोघीही माईंच्याच बाजूने होतात, हे मात्र दोघींच्याही लक्षात आले नाही. तुम्ही आधी दस्त नोंदणीबद्दल बोललात, म्हणून बोलणे कचेरीकडे वळले. आधी वाण्याच्या बिलाबद्दल बोलला असतात, तर त्या कदाचित म्हणाल्या असत्या की, होय वहिनी, मलाही ते बरे वाटले नाही.

तेव्हा दुरुस्ती तिथूनच करा. त्यांच्याकडे जा, त्या येण्याची वाट पाहू नका, कारण मोठेपणाने पहिले पाऊल वहिनीने टाकायचे असते. मालिका पाहायला म्हणूनच जा आणि पहिले काही दिवस जे चालले आहे ते मुकाट्याने पाहा. मग मधल्या जाहिरातींत त्यांना विचारा: माईंनी तो कागद का वाचला नसेल? चूक काढण्याच्या स्वरात विचारू नका, खरोखरच विचारा, कारण त्यांनी ह्याचे काही उत्तर मनात तयार केलेले असण्याची शक्यता आहे. मालिकेवर जीव असलेले प्रेक्षक लेखकाने सोडलेल्या फटी आपल्या मनात बुजवत असतात; 'त्या आजारी होत्या', 'जावेला त्यांनी मुलीसारखे वाढवले होते', असे काही त्या म्हणतील. ते उत्तर मालिकेतील प्रसंगापेक्षा चांगले असेल तर तसे त्यांना सांगा. पटले नाही तर त्या भागापुरते मतभेद राहू द्या; दोघींचे एकमत व्हायलाच हवे असे काही नाही.

कायद्याच्या चुकांसाठी मात्र दुसरी जागा शोधा. एखादे वाक्य मोडून काढायचे नाही, भाग संपल्यावर बोलायचे, असा नियम तुम्ही स्वतःपुरता केलात तरी पुरे. शिवाय गावातील किती वृद्ध माणसे अशाच मालिका पाहून समजतात की, एक सही गेली की सगळे गेले, आणि म्हणून खरी फसवणूक झाल्यावर तक्रारसुद्धा करत नाहीत, ह्याचा अनुभव तुम्हाला कचेरीत आला असेल. नणंदबाईंनाच एकदा सावकाश सांगा की, माईंच्या जागी एखादी खरी बाई असती तर तिला काय करता आले असते: हरकत कुठे घ्यायची, दिवाणी न्यायालयात काय मागायचे, पोलिसांकडे कोणत्या गोष्टीची तक्रार करायची. माईंचे पुढे काय होणार ह्याची त्यांना काळजी आहे, त्यामुळे हे त्या लक्ष देऊन ऐकतील.

आणि वाहिनीला पत्र लिहायची इच्छा असेल तर अवश्य लिहा. त्यात दस्त नोंदणीचा परिच्छेद शेवटी ठेवा आणि आरंभी वाण्याच्या बिलाचा भाग कोणता, माई त्यात नेमके काय बोलल्या आणि सहीच्या प्रसंगाने त्याचे काय झाले, हे लिहा. कथा अजून चालू आहे. शुद्धीवर आलेल्या माई स्वतःच्या सहीकडे पाहून 'मी हे वाचले कसे नाही' असे स्वतःला विचारतात, हा प्रसंग लेखकांना अजूनही लिहिता येईल, आणि तो लिहिला गेला तर वाण्याचे बिलही पुन्हा खरे ठरेल. तशी सूचना तुमच्या पत्रात असू द्या, आणि पाठवण्याआधी ते पत्र नणंदबाईंना वाचून दाखवा. त्यांनाही त्यात चार ओळी घालाव्याशा वाटतील.